लेकीच्या पहिल्या ओवशाची सुपं विधवा आईने भरली तर?

तेरडा_दापोली

नमस्कार. मी दापोली तालुक्यातली. जरा सविस्तर लिहितेय, कारण थोडक्यात सांगितलं तर "बोलून टाका" एवढंच उत्तर येईल.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, लेकीचं लग्न वैशाखात झालं. यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येतेय, म्हणजे तिचा पहिला ओवसा, नव्या सुनेने भरलेली सुपं गौरीला ओवाळायची. आमच्याकडे सुपं माहेराहून जातात. दोरा गुंडाळलेली पाच सुपं, त्यात पानं, काकडी, नारळ, खारीक, सुपारी, हळकुंड. सासूबाई मला म्हणाल्या, "सुपं तू भर गो, तुझ्या हातून जाऊंदेत."

त्यात वाईट हेतू नव्हता. मोठे दीर गेले त्याला बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून प्रत्येक मंगलकार्यात हे असंच, न बोलता ठरतं. गौरीचं घावन-घाटलं ताई करतात. तिखट्या सणाचं, म्हणजे गौरीतल्या मटणाच्या जेवणाचं, वाटण त्यांच्याच हातचं. म्हणजे गौरीला नैवेद्य त्यांच्या हातचा चालतो, सूप चालत नाही! हळदीकुंकवाचं तबक माजघराकडे यायला लागलं की ताई "दूध बघते" म्हणून उठतात. चुलीवर दूध नसतं. त्यांना ऊठ असं कोणी म्हणत नाही, कोणावर म्हणायची वेळ येऊ नये म्हणून त्या आधीच उठतात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

परवा पुतणीचा फोन आला. "काकी, सुपं मला आईच्या हातची हवीत. तू बोल ना आजीशी."

अडचण अशी की सासूबाई स्वतः विधवा आहेत. मामंजी गेले तेव्हा त्या आजच्या ताईंपेक्षाही लहान होत्या. आम्हाला जे सांगतात ते त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळलंय. त्यांच्यासमोर "ही अंधश्रद्धा आहे" असं माझ्याने म्हणवत नाही. कसं बोलू?

---

मुरुडचा_माड

तुम्ही आमच्याच तालुक्यातल्या, म्हणून लिहितो. महर्षी कर्वे आमच्या मुरुडला वाढले. त्यांची पहिली पत्नी १८९१ मध्ये वारली. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या देवरुखच्या, बालविधवा. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता, तरी गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि घरच्यांनी थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकू असं बजावलं. पुढे त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं आणि आज आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, कर्वे आमचे. पण त्याच घरांतून विधवा बाई वरातीच्या वेळी मागल्या दारी उभी राहते.

आणखी एक. कर्वे विधुर होते म्हणून कुठल्या कार्यात त्यांना मागे बसवलं असेल का? आमच्या वाडीतले बायको गेलेले पुरुष पालखीला खांदा देतात, गाऱ्हाणं घालतात. बायको खाल्ली असं त्यांना कोणी म्हणत नाही. हे मी आमच्या घरी सरळ विचारलं होतं. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

---

शांता_काकू

मी वयाने मोठी आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नको. तुझ्या जाऊबाईंचं दुःख मला कळतं, पण त्या मुलीचा विचार कर. नवी सून आहे. उद्या ती आजारी पडली, दिवस राहायला उशीर झाला, नवऱ्याची नोकरी गेली, तरी बोट त्या सुपांकडेच जाणार. "सांगितलं होतं" म्हणणारी एक तरी बाई निघतेच. तुम्ही इकडे सुधारणा करून मोकळ्या व्हाल, ऐकून घ्यावं लागेल त्या पोरीला. पहिलं वर्ष जाऊ दे.

---

तेरडा_दापोली

काकू, राग नाही. ही भीती मलाही आहे, आणि पोरीला ऐकून घ्यावं लागेल हे खरंच आहे. पण ताईंची सुपं कोणी भरली होती सांगू? पाच सवाष्णींनी, सगळं रीतीप्रमाणे. मी तेव्हा या घरात नव्हते, सासूबाईच कौतुकाने सांगतात. दीर तरी गेलेच. तेव्हा त्या पाचजणींकडे कोणी बोट दाखवलं नाही, दाखवूही नये. पण विधवेचा हात लागला आणि पुढे काही वाईट झालं की ते तीन पिढ्या लक्षात राहतं, आणि सवाष्णीच्या हातून होऊन वाईट झालं तर ते नशीब. असा हिशेब मांडल्यावर ताई कधी सुटणार? पहिलं वर्ष जाऊ दे म्हणता, पण पुढच्या वर्षी बाळ होईल, मग बारसं आलं. तेव्हाही हेच म्हणायचं का?

---

गुहागर_खालचीवाडी

मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसंच करावं असं कळवलं. ते वाचून आम्ही बैठकीत विषय घेतला. हात सगळ्यांनी वर केले. ठराव वहीत आहे.

पुढच्याच संक्रांतीला माझ्या आईला कोणी बोलावलं नाही. ज्यांनी हात वर केले त्यांच्याच घरचं हळदीकुंकू. एकेकाला विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, "आमचं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालेल की नाही..." बाकीचे म्हणजे कोण ते काही सापडेना.

गावकीने वाळीत टाकलं असतं तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण बाई स्वतःच उठून दूध बघायला जाते तिथे पोलीस काय करणार? म्हणून सुचवतो, आधी विहीणबाईंना फोन करा. त्यांना काय वाटेल याचा अंदाज बांधत बसू नका, थेट विचारा. मग सासूबाईंशी बोला. आणि या सगळ्याच्या आधी ताईंना विचारा. त्यांची तयारी आहे का हे अजून कोणीच लिहिलेलं नाही.

---

तेरडा_दापोली

शेवटचं वाक्य वाचून लगेच ताईंकडे गेले. त्या खोबरं किसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला भरायचीत. पण माझ्यापायी आईंना कोणी बोललेलं मला चालायचं नाही."

मग विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला चालतं. तुमच्याकडे चालत नसेल म्हणून आम्ही विषय काढला नाही." त्यांच्या थोरल्या जाऊबाई मात्र नाराज होतील, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना मी सांभाळते म्हणाल्या. काकू, तुमचं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. पोरीला कोणी टोमणा मारला तर पहिली मी बोलेन, असा शब्द त्यांनी दिलाय.

काल रात्री जेवणं आटोपल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लोकांचं कारण देतील. त्या म्हणाल्या, "मंग माझ्या वेळंला कोण का नाय बोललं? माझ्या पोरीची सुपं मी नाय भरली ती." माझ्या नणंदेचा ओवसा, चुलत सासूबाईंनी भरला होता. इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी काय उत्तर देणार? मला वाटायचं त्या रीत सांभाळतायत. पण ती रीत खोटी म्हटली तर स्वतःच्या लेकीच्या वेळी मागे राहिल्या ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तुम्ही आणि ताई दोघी भरा. नातीची सुपं आहेत." त्या बराच वेळ ओटीवर बसून होत्या. सकाळी चहा घेताना मला म्हणाल्या, "हळकुंडं जुनी नको, ती किडतात."

शनिवारी आम्ही तिघी दापोलीच्या बाजारात जातोय. काकू, तुमच्याकडे सुपात कोणकोणती पानं ठेवतात ते कळवाल का? सासूबाईंना एक-दोन नावं आठवत नाहीयेत.

---

शांता_काकू

कळवते. आमच्या घरच्या यादीचा कागद कपाटात आहे, रात्री बघून लिहिते. आणि नणंदबाई यंदा गौरीला आल्या तर त्यांचं सूपही आईच्या हातून भरून घ्या.