‘अलबेला’तला बँड: जादू की म्हाताऱ्यांची हळहळ?

चाळकरी७२:
काल इथे कुणीसं लिहिलं, ‘पन्नाशीच्या दशकातली क्लबगाणी म्हणजे अमेरिकन स्विंग जॅझची उचलेगिरी. म्हाताऱ्यांच्या आठवणी वजा केल्या तर हाती भोपळा.’ रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. माझी लेक एकोणीस वर्षांची. तिला १९५१च्या ‘अलबेला’ सिनेमाची कसली डोंबलाची आठवण? तरी त्यातलं ‘शोला जो भडके’ लागलं की लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर येते. अहो, तेव्हा गायक, ट्रम्पेट, बोंगो सगळे एकाच खोलीत, एकाच दमात वाजवायचे. एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. ती धास्ती त्या गाण्यांत अजून ऐकू येते. आणि भगवानदादांचा नाच! मला-तुम्हालाही जमेल असा. म्हणून तर थेटरात लोक उठून नाचले, पडद्यावर नाणी उधळली.

उसळपाव:
‘कुणीसं’ नाही, मीच तो. नाव घ्यायला काय झालं? उचल होतीच. १९४७च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान संडे के संडे’ काय पुणतांब्याच्या जत्रेत सुचलं? आजच्या पोरांनी चाल ढापली की चोर, आणि ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्रांनी केलं की लगेच ‘प्रयोग’!

सासष्टीकर:
भांडा तुम्ही अण्णांवरून, म्हणजे सी. रामचंद्रांवरून. वाजवणारे कोण होते ते एकालाही आठवलं नाही. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ‘अलबेला’त आपल्या बँडसकट पडद्यावर आहे. ओळखाल? गोव्यात चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला शिकली म्हणून मुंबईचे स्टुडिओ चालले. ‘ईना मीना डीका’तलं ‘माका नाका’ कुठल्या भाषेतलं वाटतं तुम्हाला? आमच्या कोकणीतलं! माझे मामा ट्रम्पेट वाजवायचे, राहायला धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात. एका निर्मात्याने तीन रेकॉर्डिंगचे पैसे बुडवले. मामांनी ती गाणी पुढे कधी घरात लावू दिली नाहीत.

चाळकरी७२:
मामांबद्दल वाईट वाटलं. पण चाल अण्णांचीच ना? स्वयंपाक करणारा वेगळा, ताट वाढणारा वेगळा.

सासष्टीकर:
ताट वाढणारा?? शंकर-जयकिशनच्या गाण्यांतून अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांची व्हायोलिनं काढा आणि उरलेलं गुणगुणून दाखवा बघू. नाव दिलंच तर सहायक म्हणून, बारीक अक्षरांत. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालचे गुरू. त्यांचं नाव घरोघरी गेलं ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’त अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडून. निम्म्या देशाला अजून वाटतं, ते गमतीत ठेवलेलं नाव आहे!

वरातवाला:
माझं दुखणं निराळंच. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ‘अलबेला’तलं ‘भोली सूरत’ सुरू झालं की नवरदेवाचा आजासुद्धा घोड्यापुढे दोन पावलं टाकायचा. आता डीजेचा ट्रक. गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या वरातीत माझ्या छातीत धडधडायला लागलं, आवाज कमी करा म्हटलं तर पोरगा म्हणतो, ‘काका, आत्ता तर चालू झालंय!’

उसळपाव:
डीजे कुठून आला मध्येच? अण्णांवरून मामांवर, मामांवरून वरातीवर. पुढचा प्रतिसाद केटरिंगवर येणार.

वरातवाला:
ज्याला वाजवणारा दिसत नाही त्याला संबंध कसा दिसणार? आमच्या बँडात बावीस माणसं होती. त्या ट्रकवर एक आहे आणि तोही मोबाइलवर.

चाळकरी७२:
हे मात्र शंभर टक्के. आणि सासष्टीकर, ‘ताट वाढणारा’ मागे घेतो. मसाला वाटणारा म्हणू?

सासष्टीकर:
उपकार झाले.

उसळपाव:
ठीक आहे, उचलेगिरी असली तरी उचलून झकास मांडली, एवढं देतो. याहून जास्त मिळणार नाही. पण त्या बँडमधला चिक चॉकलेट नेमका कोणता, ते कुणीतरी सांगा. आईला विचारलं. ती म्हणते, गीता बाली समोर असताना मागे कोण बघतंय?