युसुफ्रक्टला मराठीत काय म्हणायचं?

मेघना_अनुवाद: गोव्यातल्या एका बक्षीसपत्राचं भाषांतर करतेय. आईवडिलांनी घर मुलीच्या नावे केलंय, पण हयातीपर्यंत युसुफ्रक्ट स्वतःकडे ठेवलंय, म्हणजे मालकी मुलीची आणि राहणार, भाडं घेणार आईवडील. मी 'भोगवटा' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. का?

सातबारा: खोडलं ते बरोबरच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 म्हणजे जमीन खुशाल विकू शकणारा, वर्ग 2 ला परवानगी काढावी लागते इतकंच. युसुफ्रक्टवाल्याला मूळ घर विकताच येत नाही. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र म्हटलं की लोकांना बिल्डरची ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला आठवतो.

काळा कोट: कोर्टात आम्ही ताबेगहाण म्हणतो की. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 58. सावकार शेताचा ताबा घेतो, पीक खातो, ते व्याजात नाहीतर मुद्दलात वळतं.

मेघना_अनुवाद: पण इथे कर्जच नाहीये, गहाण कसं लिहू?

शुद्धमती: 'फलोपभोग' लिहा, सरळ. लॅटिनमध्ये उसुस म्हणजे वापर, फ्रुक्तुस म्हणजे फळ. 'ताबा' वगैरे दफ्तरी शब्द किती दिवस वागवायचे?

काळा कोट: तेच शब्द पक्षकाराला कळतात, ताई. नजरगहाण (ताबा न देता ठेवलेलं), ताबेगहाण म्हटलं की अंगठा देणारा म्हातारासुद्धा समजतो जमीन हातातून जाणार की राहणार ते. फलोपभोग म्हटलं तर तो विचारेल, कुठली फळं?

शुद्धमती: फ्रुक्तुसच्या मागे 'फ्रुई' हे क्रियापद आहे, उपभोग घेणे. म्हणजे आधी उपभोग, मग फळ. आपल्या 'भोग'ला इतका जवळचा अर्थ असताना तो सोडायचा कशाला?

पणजीकर: आमच्याकडे सगळे युसुफ्रुतच म्हणतात, 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून. म्हातारपणी कोणी घराबाहेर काढू नये म्हणून लोक मुद्दाम ठेवतात. भाषांतर कशाला, तसंच ठेवा.

हर्णैचा: फळांचाच विषय निघालाय तर सांगतो, आमच्यात कलमं कराराने देतात, झाडं आमची, आंबा त्याचा. जून 2020 च्या निसर्ग वादळात कलमं मुळासकट आडवी झाली आणि करारवाला म्हणतो लाकूडही माझं! फांद्यांवरून आजोबांचं नि त्याचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे.

काळा कोट: करारात लिहिलं नसेल तर लाकूड मालकाचं. त्याने फक्त हंगामाचा आंबा घेतलाय.

पणजीकर: फ्रान्सच्या 1804 च्या संहितेत उलट आहे हां. फळझाड मेलं किंवा उन्मळून पडलं तर ते युसुफ्रक्टवाल्याचं, फक्त त्याजागी दुसरं लावून द्यायचं.

हर्णैचा: दुसरं लावून द्यायचं म्हणजे हातभर रोप? ते धरायला लागेपर्यंत आमचं उत्पन्न कोण भरणार?

काळा कोट: आणि करार एका हंगामाचा असेल तर तो लावेलच कशाला? हा नियम हयातभर हक्क असणाऱ्याला, खंडकऱ्याला नाही लावता येत.

हर्णैचा: हेच आजोबांना लेखी हवंय. तुमच्याकडे कराराचा नमुना आहे का?