प्रार्थनेनंतर फावडं
प्रार्थनेने घरं उभी राहत नाहीत, हे म्हणणं अगदी बरोबर. पण आपत्तीनंतर चर्चची माणसं नुसती प्रार्थना करून थांबतात, ही टीका मला पटत नाही. सप्टेंबर २०२४च्या हेलीन चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ॲशव्हिल शहराच्या नळांना पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. त्या दिवसांत त्या राज्यात पिवळ्या टी-शर्टातले, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे स्वयंसेवक घराघरांत राबत होते. आधी फावड्याने चिखल उपसायचा. मग भिंतींचे भिजलेले जिप्सम बोर्ड कापून काढायचे, आतलं ओलं अस्तर ओढून बाहेर टाकायचं आणि लाकडी सांगाडा सुकू द्यायचा, नाहीतर बुरशी धरते. यातले कितीतरी जण निवृत्त झालेले, हे विसरू नका! ढिगाऱ्यात फोटोंचा भिजका अल्बम दिसला तर घरच्यांना विचारल्याशिवाय तो फेकायचा नाही. एवढी माया पगारी मजुराकडून मागता येत नाही. ती श्रद्धेतूनच येते, असं मला मनापासून वाटतं.

आणि कॅमेरे गेल्यावर काय? मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मदतसंस्था १९५० पासून या कामात आहे. इतर मदतपथकं परतल्यावरही तिचे स्वयंसेवक महिनोन् महिने थांबून घरं पुन्हा बांधून देतात.