नसबंदीनंतर गर्भधारणा : भरपाईचा दावा टिकेल का?

डिचोलीकर : माझ्या धाकट्या बहिणीने एका खासगी रुग्णालयात, पैसे भरून, दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच नसबंदी करून घेतली होती. दोन वर्षांनी पाळी चुकली, पण गर्भाची शंका येण्याचे कारणच नव्हते; सोनोग्राफी झाली तेव्हा सातवा महिना लागला होता. ‘असे क्वचित होते’ यापलीकडे डॉक्टर काही सांगत नाहीत. मुलाच्या संगोपनाचा खर्च मागता येईल का?

वकील, म्हापसा : सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. ‘हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा’ (2000) या प्रकरणात शस्त्रक्रिया स्त्रीबीज वाहून नेणाऱ्या दोन नलिकांपैकी फक्त उजव्या नलिकेवर झाली होती, डावीला हातही लागला नव्हता, आणि तरीही आता मूल होणार नाही असे त्या बाईंना सांगण्यात आले होते; म्हणून मुलगी वयात येईपर्यंतचा खर्च सरकारवर पडला. ‘पंजाब राज्य विरुद्ध शिवराम’ (2005) मध्ये मात्र, केवळ मूल झाले म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, हयगय सिद्ध करावी लागते, आणि गर्भ राहिल्याचे कळूनही तो वाढवला तर ते मूल नको असलेले म्हणता येत नाही, असे ठरले. हा शेवटचा मुद्दा तुमच्या बहिणीला फारसा बाधू नये, कारण तिला कळले तेव्हा गर्भपाताची 24 आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. शुल्क भरले असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मडगाव : बांधलेली नलिका आपोआप पुन्हा जुळू शकते, त्यात कोणाचीच चूक नसते. म्हणून आधी शस्त्रक्रियेची नोंद मागा. लेखी मागणीनंतर 72 तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आता पुन्हा सिझेरियन झाले, तर दोन्ही नलिका पाहून त्यांची स्थिती लिहून ठेवण्याची विनंती आधीच करा. तो पुरावा नंतर मिळवणे अवघड जाते.

डिचोलीकर : आभारी आहे. डिस्चार्ज कार्डावर नसबंदीचा उल्लेख एका ओळीत आहे, नलिकांविषयी काहीच नाही. संमतिपत्र इंग्रजीत असून त्यावर सही फक्त भावोजींची आहे.

वकील, म्हापसा : मग तो मुद्दा तक्रारीत वेगळा मांडा. नसबंदीला संमती पत्नीची लागते, पतीची नव्हे. आणि शस्त्रक्रिया अपयशी ठरू शकते हे तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगितले होते का, हे रुग्णालयाला दाखवावे लागेल.