ऐरोली: मला आणि दोन्ही मुलांना कॅथलिक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीची_आई

नमस्कार. माझे मिस्टर वसईचे, जन्मापासून कॅथलिक. मी साताऱ्याकडची, माहेरी वारी आहे. नऊ वर्षांपूर्वी ठाण्यात रजिस्टर लग्न केलं, चर्चमध्ये काहीच केलं नाही. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटचा दीड महिना मीच त्यांच्या उशाशी होते. वाचा गेली होती, पण संध्याकाळी रोझरी, म्हणजे प्रार्थनेची जपमाळ, हातात दिली की बोटं एकेक मणी बरोबर पुढे सरकवायची. त्यांच्या वतीने मी मोठ्याने म्हणायला लागले. त्या गेल्या, माझं म्हणणं काही सुटलं नाही. सात महिने झाले. मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मला कुणीही सांगितलेलं नाही, मिस्टरांनी तर कधी विषयही काढला नाही.

आम्हा तिघांचं एकदमच होईल का? नाव बदलावं लागतं का? खर्च किती? आणि माझं व्हायच्या आधी बाळाचं करता येतं का?

तलावपाळी_धर्मशिक्षिका

ताई, सासूबाईंच्या बोटांचं वाचून डोळे भरून आले. मी ठाण्यातली ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजातली, चौदा वर्षं चर्चमध्ये धर्मशिक्षण शिकवते आणि मोठ्यांच्या वर्गालाही मदत करते.

बाळाचं सगळ्यात सोपं. आईवडिलांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी खात्री, एवढं असलं की पुरतं. वडील कॅथलिक आहेतच, त्यामुळे तुमच्यासाठी थांबायचं कारण नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता एक तरी हवी: सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, कपाळाला तेल लावून होणारा संस्कार) झालेली कॅथलिक व्यक्ती, आणि स्वतःचे आईवडील चालत नाहीत. आईवडिलांना आधी एखादं तयारीचं सत्र असतं.

तुमचं वेगळं. मोठ्यांसाठी जो क्रम आहे त्याला आमच्याकडे सगळे आरसीआयएच म्हणतात, म्हणजे मोठ्यांना ख्रिस्ती श्रद्धेत घेण्याचा विधी, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. 1972 साली रोमने तो नव्याने बांधून दिला, पण मुळात अगदी पहिल्या शतकांतल्या पद्धतीवर. आधी नुसत्या गप्पा आणि प्रश्न. मग एका मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, सगळ्यांसमोर तुमच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि तुम्ही दीक्षार्थी होता. उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवड होते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकरी) एकाच मिस्सात. साधारण वर्षभर धरा. जास्त लागलं तर लागू दे. घाई करणारा माणूस आला की आमचे फादर मुद्दाम सावकाश घेतात.

एक गोष्ट मात्र आत्ताच फादरांच्या कानावर घाला: लग्न. मिस्टर कॅथलिक आणि लग्न फक्त रजिस्टर, म्हणजे चर्चच्या नियमाप्रमाणे ते अजून ग्राह्य नाही. तुमच्या बाप्तिस्म्याच्या आधी ते रीतसर करून घ्यावं लागेल. त्यासाठी बिशपांची परवानगी काढतात आणि साध्या विधीत दोघं पुन्हा संमती देता. मिस्टरांचा बाप्तिस्म्याचा दाखला वसईहून नव्याने काढून आणा. लग्नाची नोंद त्याच वहीत होते, म्हणून लॅमिनेट केलेली जुनी प्रत कामाची नाही. ईस्टर तोंडावर आल्यावर फेब्रुवारीत कळून धावपळ झालेली जोडपी मी पाहिली आहेत.

नाव बदलायची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला विरोधी नसलं की झालं. संस्काराची फी नसते, कुणी मागितली तर देऊ नका. स्वखुशीने दान देणं वेगळं.

वाशीचा_2019

मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, 2019 च्या ईस्टरला. त्या रात्री चर्चचे सगळे दिवे बंद होते. बाहेर विस्तव पेटवला, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती लावली आणि तिच्यावरून एकेकाची. माझ्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं तेव्हा पाठीवरून सरसर खाली गेलं. नंतर कपाळावर क्रिस्माचं तेल. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम असतं, त्याचा वास दोन दिवस राहिला. मी कपाळाला साबण लावलाच नाही.

आणखी एक, कारण हे कुणी आधी सांगत नाही. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, आज हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. अनुसूचित जमातीला ही अट नाही. माझ्या घरात यावरून खूप रडारड झाली होती. तुम्हाला लागू असेल तर आधी माहेरी बोला, नंतर कळलं की फसवल्यासारखं वाटतं.

ऐरोलीची_आई

खूप आभार. दाखल्याचा प्रश्न आमच्याकडे नाही. आईला मात्र या रविवारी जाऊन सांगणार आहे, फोनवर नाही. मुलीचं राहिलं. तिचं बाळाबरोबरच उरकता येईल ना?

तलावपाळी_धर्मशिक्षिका

नाही ताई. सात पूर्ण झाली की बाप्तिस्म्याच्या बाबतीत मूल मोठ्यांत धरतात. बाळ तुमच्या दोघांच्या श्रद्धेवर येतं, मुलीने स्वतः मागायला हवं. तिची तयारी मुलांच्या पद्धतीने होईल, आणि बहुधा तुमच्याबरोबर त्याच ईस्टरला.

पण फादर तिला तुमच्याविना विचारतील. माझ्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता, आईवडील दोघेही तयार. फादरांनी विचारलं तर म्हणाला, "मला अजून नको." आई कावरीबावरी झाली. फादर त्याला म्हणाले, "बरं. वर्गाला यायचं असलं तर येत जा." तो येत राहिला, मागच्या बाकावर. दोन वर्षांनी धर्ममाता कोण हवी ते त्यानेच ठरवलं, आणि माझ्या घरी येऊन बेल वाजवली.

तुमच्या लेकीलाही आजीची रोझरी आठवत असेल. तिने काय पाहिलं ते आधी तिला विचारा. बाप्तिस्म्याचं नंतर.