ऐकलेलं पुस्तक म्हणजे आळशाचं वाचन?

कानसेन: 'पानवेडा' यांनी काल लिहिलं, "ऑडिओबुक म्हणजे आळशांचं वाचन. गोष्ट कानात ओतून घ्यायची आणि वाचक म्हणून मिरवायचं." दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. माझ्या आईची नजर काचबिंदूने गेली. आता ती ऐकते. मध्येच थांबवते, तोच परिच्छेद पुन्हा लावते, निवेदकाने नाव चुकीचं उच्चारलं की चिडते. तिला आळशी म्हणाल? ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तकं सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून.

पानवेडा: तुमच्या आईंबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. दरवेळी हेच होतं, कुणाचं तरी दुखणं पुढे केलं की समोरच्याने गप्प बसायचं. मी बोलतोय धडधाकट डोळ्यांच्या, भांडी घासताना तत्त्वज्ञान ऐकणाऱ्यांबद्दल. पानावर वाक्य अडलं तर नजर आपसूक मागे वळते. कानावरून गेलेलं वाक्य गेलं, ओल्या हातांनी कोण मागे जातं? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एकच मजकूर वाचला किंवा ऐकला. ऐकणाऱ्यांना चाचणीत कमी गुण पडले.

रातपाळी: आणि २०१६ चा? एकाच पुस्तकाचा भाग काहींनी ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच आणि दोन आठवड्यांनी चाचणी घेतली, लक्षणीय फरक नाही. पडद्यावर, छापील पानावर नव्हे, हे मान्य. पण मला खरा राग येतो तो दुप्पट वेगाने ऐकणाऱ्यांचा. चांगला निवेदक जिथे श्वास घेतो तिथेच अर्थ उमटतो, आणि हे लोक तोच कापून टाकतात!

झपाटा: मी ऐकतो दुप्पट वेगाने. इंग्रजी निवेदन मिनिटाला साधारण १५० शब्दांचं, मनातल्या मनात वाचताना २०० ते २५० सहज होतात. मग कानानेच का रखडायचं?

रातपाळी: कविताही अशीच पळवता? पुस्तक संपवायचंय की भेटायचंय त्याला?

झपाटा: मी कसं ऐकावं हे तुम्ही ठरवू नका. नाटकी आवाज काढणारे निवेदक सहन होत नाहीत, म्हणूनही पळवतो. म्हाताऱ्याच्या संवादाला खोकला कशाला लागतो?

कानसेन: स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सरावलेले दृष्टिहीन याहून कितीतरी वेगाने ऐकतात, आपल्याला एक शब्द लागणार नाही. तेव्हा वेग म्हणजे बेपर्वाई हे मला पटत नाही. खोकल्याबाबत मात्र आईही तेच म्हणते.

पानवेडा: वेगाचं भांडण तुमचं तुम्ही मिटवा. कथा-कादंबरी ऐका, तेवढी हरकत मागे घेतो. नाखुशीनेच. पण इतिहासाचं पुस्तक? तळटीपा गाळलेल्या, नकाशे नाहीत, सूची नाही. आधीच्या प्रकरणातलं नाव कुठे आलं होतं ते शोधून दाखवा.

कानसेन: इथे तुमचं म्हणणं खरं आहे, आईचीही तीच अडचण होते. पण हा दोष ऐकण्याचा नाही, पुस्तक बनवणाऱ्यांचा आहे. दृष्टिहीनांसाठीच्या डेझी पद्धतीत प्रकरणावर, पानावर उडी मारता येते, तळटीप हवी तेव्हा ऐकता येते. नव्वदच्या दशकापासून ही पद्धत आहे. विकाऊ ऑडिओबुकांत अशी सोय का देत नाहीत, हे प्रकाशकांना विचारा. त्या भांडणात मी तुमच्या बाजूने आहे.