इंजिन कव्हरवरचे खड्डे कसे घालवायचे? मदत हवी आहे

सांगलीतनं विचारतोय. २०१९ च्या पुरात बुडालेली स्प्लेंडर परत चालू केलीय, इंजिन ठीक आहे पण क्लच अन मॅग्नेट कव्हरला पांढरी बुरशी आल्यासारखं झालंय, लॅकर (वरचा पारदर्शक थर) तर पापडासारखं सुटतंय. डिझेलनं धुतलं, ब्रश मारला, मग ४०० अन ८०० चा वॉटर पेपर, वरचं गेलं पण बारीक खड्डे तसेच. कॉस्टिक सोडा सांगू नका, ॲल्युमिनियम खातो तो. सँडब्लास्टिंगपण नको, वाळू ऑईलच्या भोकात राहिली तर इंजिनच जाईल. कव्हर खोलून घरात आणलीत, गॅस्केट नवीन घेतलेत, हातात ड्रिल मशीन तेवढं आहे. तर १२०० पर्यंत घासून ड्रिलला बफ (पॉलिशचं कापडी चाक) लावून चमकवू, का इच प्रायमर (उघड्या धातूला धरणारा पहिला थर) मारून सिल्व्हर स्प्रे? अन स्प्रेच मारायचा तर इंजिनच्या गरमीला अन सांडलेल्या पेट्रोलला वरचा क्लिअर लॅकर कुठला टिकतो, साधा का टू-के (हार्डनर मिसळून मारायचा)?